कानाच्या पाळीवरचा निळा डाग

बेटेगावात आशा सेविकेचं काम करणाऱ्या स्नेहाने पुष्पलताला फोन केला, तेव्हा पुष्पलता बोईसर स्टेशनबाहेर शेअर रिक्षा भरायची वाट बघत बसली होती. स्नेहा आधी इकडचं तिकडचं बोलली. लसीकरणाला किती बाया आल्या, कोण आली नाही, ऊन कसं मी म्हणतंय. मग मध्येच म्हणाली, "ताई, एक विचारू का? पाच महिन्यांच्या बाळाच्या कानाला खुळखुळा लागून निळं होतं का हो?"

"कानाला कुठं?"

"वरच्या पाळीला. आणि मागच्या बाजूला थोडं. आई म्हणाली, त्यानं स्वतःच मारून घेतला खुळखुळा."

"बाळ कुशीवर वळतं?"

"नाय अजून. मान धरलीय नुसती."

"मग खुळखुळा मुठीत धरून कानामागं कसा मारील गं तो?"

तीच शंका स्नेहाच्याही मनात होती, म्हणून तर फोन केला होता. पण लगेच तिने घाईघाईने पुस्ती जोडली, "माणसं चांगली हायत हो ताई. नवरा कंपनीत शिफ्ट इनचार्ज आहे. घर एकदम टापटीप. उगाच माझ्यामुळे त्यांना त्रास नको."

"त्रास द्यायला नाही जायचं. बघायला जायचं," पुष्पलता म्हणाली आणि नीट बोलता यावं म्हणून भरलेल्या रिक्षातून खाली उतरली. मागच्या माणसाने तिची जागा लगेच पटकावली.

पुष्पलता तामोरे शिरगावची. बाप दुसऱ्याच्या होडीवर खलाशी, आई टोपलीत मासे घेऊन मनोरच्या बाजारापर्यंत जायची. आई बाजाराला गेली की पाठची भावंडं पुष्पलताच्या अंगावर. कडेवर एक, हाताला एक आणि समोर बांबूच्या वलांडीवर वाळत घातलेले बोंबील राखायचे, असं तिचं बालपण गेलं. दहावी झाल्यावर ती अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागली, पुढे सेविका झाली. वर्षानुवर्षं गावातली पोरं तिने वजनकाट्यावर टांगली. कुठलं पोर कधी पालथं पडतं, कधी रांगतं, कधी धरून उभं राहतं, हे तिला वेगळं आठवावं लागत नसे. नंतर मुलांच्या संरक्षणासाठी जिल्ह्यात काम करणाऱ्या एका संस्थेत जागा निघाली आणि ती तिकडे गेली. नवरा रामू होडीवर असतो. तो चेष्टेने म्हणतो, "हिचा धंदा लोकांच्या घरात डोकावायचा." गावातली काही पोरं तर तिला बघून पळतात, कारण जेवत नसलं की आया सांगतात, थांब, पुष्पामावशीला बोलावते, घेऊन जाईल तुला.

खरं तर पोरांना घरातून नेण्याची वेळ फार क्वचित येते. शाळा सुटलेल्या मुलींच्या घरी जायचं, वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबांची पोरं कुठे आहेत ते बघायचं, ठरलेला बालविवाह समजावून थांबवायचा, हेच काम जास्त. तक्रारी येतात त्या बहुतेक गरिबांच्या. अमुक पाड्यावर पोरं दिवसभर एकटी असतात, उघडीनागडी फिरतात. पुष्पलता जाऊन बघते तर पोरं मातीत लोळतायत, भांडतायत, शेजारची काकू त्यांना हाका मारून भाकरी देतेय, आणि संध्याकाळी आई दिसली की सगळी तिच्या अंगावर झेपावतात. अशा घरी ती अंगणवाडीत नाव घालून देते, रेशनचं बघते आणि परत येते. पालघरच्या कार्यालयात तिचे वरिष्ठ प्रदीप सर तिला म्हणतात, "पुष्पलताताई, तुम्ही गरिबीला गुन्हा समजत नाही, हे बरं आहे." ती नुसती हसते.

दुसऱ्या दिवशी स्नेहाबरोबर ती त्या घरी गेली. इमारत नवी, दुसरा मजला. दार बाळाच्या बापाने, हितेशने उघडलं. दुपारपाळी होती म्हणून तो घरी होता. तिशीतला, इस्त्रीचा शर्ट घातलेला, बोलायला मिठ्ठास. "या ना मॅडम. बाळाचं वजन करायचंय? करा की. सपना, चहा ठेव."

त्याची बायको सपना मनोरकडच्या एका पाड्यावरची. लग्नाआधी बोईसरच्या एका कंपनीत पॅकिंगला होती, तिथेच दोघांची ओळख झाली होती. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, बाळ कडेवर. पुष्पलताने काहीही विचारलं की ती आधी हितेशकडे बघायची. बाळ दूध नीट पितं का? हितेश म्हणाला, "पितो, भरपूर पितो." रात्री झोपतं का? "झोपतो ना." पुष्पलताने मुद्दाम सपनाकडे तोंड करून विचारलं, "आणि तुमची तब्येत कशी आहे?" त्याचंही उत्तर हितेशनेच दिलं. "हिची एकदम ठणठणीत."

बाळाला झोळीत घालून काट्याला लावलं, तेव्हा पुष्पलताने कान बघून घेतला. निळा रंग आता हिरवट पिवळा व्हायला लागला होता. "इथं काय लागलं हो?" तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"पलंगावरून घसरला," हितेश म्हणाला.

स्नेहाने चमकून सपनाकडे बघितलं. सपना म्हणाली, "हां. पलंगावरून."

त्यांची मोठी मुलगी रिद्धी, बालवाडीत जाणारी, ट्रेमध्ये पाण्याचे पेले घेऊन आली. न सांडता आणले, न सांगता प्रत्येकापुढे धरले. स्नेहा कौतुकाने म्हणाली, "किती गुणाची पोर!" रिद्धी ट्रे ठेवायला परत वळली आणि नेमका वाऱ्याने गॅलरीचा दरवाजा आपटला. तिची बोटं चेमटली. चांगली चेमटली, आवाज आला. पुष्पलता अर्धी उठली सुद्धा. पण पोर रडली नाही. तिने बोटं काखेत दाबून धरली, ओठ आत घेतले आणि बापाच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. आईकडे तिने बघितलंही नाही.

"काही नाही झालं. शूर आहे आमची रिद्धी," हितेश हसून म्हणाला. "जा, आत जाऊन बस."

ती गेली. आतून हुंदक्याचाही आवाज आला नाही.

पुष्पलताने चहा संपवला. चहा चांगला झाला होता. निघताना तिने सपनाचा नंबर मागितला, पुढच्या डोसची आठवण करायला. हितेशने स्वतःचा दिला. "तिचा फोन बिघडलाय, मॅडम."

जिना उतरताना स्नेहा म्हणाली, "बघा, म्हटलं ना, चांगली माणसं हायत."

"माझ्या पोरीची बोटं अशी चेमटली असती तर तिनं वाडी गोळा केली असती," पुष्पलता म्हणाली.

प्रदीप सरांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मध्ये बोलले नाहीत, ही त्यांची चांगली सवय. शेवटी म्हणाले, "एकेक गोष्ट वेगळी धरली तर काहीच नाही. डाग पडतो, आईबाप गोंधळतात, एखादं मूल कमी रडतं, एखादा नवरा जास्त बोलतो. सगळं एका घरात आहे म्हणून काळजी वाटते. बाळाला डॉक्टरांनी उघडं करून तपासायला हवं. पुन्हा जा, आणि त्यांना दवाखान्यात यायला तयार करा."

ती पुन्हा गेली. या वेळी डॉक्टरांचं नाव काढताच हितेशचा चेहरा पडला. त्याने दार लोटलं, आवाज खाली आणला. "खरं सांगू का मॅडम? लाज वाटते सांगायला. हिच्या आईने केलंय ते. ती पाड्यावरची माणसं. बाळ रडतं म्हणून भगताकडे घेऊन गेली, तिथे काहीतरी दाबलं, चिमटलं. मी किती वेळा सांगितलं हिला, तुझ्या माहेरच्यांना लांब ठेव. आता दवाखान्यात नेलं तर म्हातारीवर केस होईल. हिलाच त्रास."

सपना मान खाली घालून ओट्यावरचं पाणी पुसत राहिली. ओटा कोरडा होता.

पुष्पलताला ते पटलं. नंतर तिला याचंच फार वाईट वाटलं, पण त्या घडीला पटलं. पाड्यावरची म्हातारी, भगत, अंगारा, चिमटे... अशा गोष्टी तिने ऐकल्या होत्या, दोन-तीन वेळा पाहिल्याही होत्या. शिवाय बायको गप्प का होती, कारणं का बदलत होती, या सगळ्याचा उलगडा त्यात होत होता. ती कार्यालयात आली ती आता आजीला कसं समजवायचं हे मनाशी जुळवतच.

प्रदीप सरांनी एवढंच विचारलं, "आजीने बाळाला नेलं कधी? तुम्ही आजीला विचारलंत?"

विचारलं नव्हतं.

सपनाची आई जिवली खळ्यावर भात झोडत होती. पुष्पलता पाड्यापर्यंत पोचली तेव्हा उन्हं उतरायला लागली होती. जिवलीने पदराने तोंड पुसलं, खाट पुढे ओढली, आणि पुष्पलताने नातवाचं नाव काढताच उलट तिलाच विचारलं, "बाय, तू बगितलास त्याला? कोनावर गेलाय?"

"तुमी नाय बघितला?"

"हातात नाय दिला एकदाबी. बारशाला गेलो आमी, मी आन् ह्ये. कोंबडी नेली, तांदूळ नेले. जावय दारातच म्हनला, बाळ झोपलाय, मंग या. कोंबडी तेवढी ठेवून घेतली." ती हसली. "आमी गरीब हाव, बाय. त्याला लाज वाटं आमची. वाटूदे. पन पोर तरी दाखव ना."

"सपनाचा फोन येतो?"

"पयले रोज यायचा. सांच्याला, काय रांधलास आये, ते पन विचारायची. मंग आठ दिसानी. मंग नायच." जिवली झोडलेल्या पेंढ्याकडे बघत राहिली. "रिद्धीच्या टायमाला पोटुशी होती तवा एकदा आली. हाताला पट्टी. म्हनली, मोरीत पडले. मी म्हनलं, मोरीत पडलीस तर मनगट कसा दुखल गं, ढोपर नाय का दुखनार? तवा रागावली माज्यावर. मंग आलीच नाय."

परतीच्या गाडीत पुष्पलता खिडकीशी बसून होती. आधी खुळखुळा, मग पलंग, मग आजी. आणि आजीने तर बाळ पाहिलंच नव्हतं. तिला हितेशचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा आला. पण रागाने काम होत नाही, हे तिला ठाऊक होतं. आता घाईही झाली होती. एकदा म्हातारीचं नाव पुढे करून झालं होतं. चौथ्यांदा काय सांगायचं याचा विचार त्या घरात सुरू असणार, आणि बाळ तिथेच होतं.

प्रदीप सरांनी बाल कल्याण समितीला कळवलं. सरकारी रुग्णालयातल्या मुलांच्या डॉक्टरांशीही ते बोलले. पुढे काय करायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवलं. हितेशची सकाळपाळी असेल त्या दिवशी स्नेहाने सपनाला उपकेंद्रात बोलवायचं. बाळाचा एक डोस खरंच राहिला होता, त्यामुळे त्यात खोटं काही नव्हतं. "आणि रिद्धीला विसरू नका," प्रदीप सर म्हणाले. "आई रुग्णालयात अडकली आणि पोर त्याच्या हाती लागली, असं नको."

सपना आली. पुष्पलताला तिथे बघून दारातच थबकली, पण आत आली. नर्सने डोस दिला, बाळ रडलं, थांबलं. स्नेहा बाहेर गेली आणि दार ओढून घेतलं.

कोणी मारलं, हे पुष्पलताने विचारलं नाही. तिने विचारलं, "बाळाला कुठं हात लागला की रडतं?"

सपनाने चटकन उत्तर दिलं, विचार न करता, कारण हा प्रश्न तिला कोणी विचारलाच नव्हता. "डाव्या कुशीला. काखेत हात घालून उचललं की कळवळतो."

"कधीपासून?"

सपनाच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. ती बाळाचं झबलं खाली ओढत बसली.

"सपना, मी तुझ्या आईकडे जाऊन आले," पुष्पलता म्हणाली. "तिनं बाळ पाहिलेलं नाही."

बाहेर कोणीतरी नळ सोडला, बंद केला.

"याला आत्ता दवाखान्यात दाखवायला हवं. मी बरोबर येते. आणि तुला आधीच सांगून ठेवते, नंतर फसवलं म्हणू नकोस. डॉक्टरांना काही दिसलं तर ते पोलिसांना कळवतील. त्यांना कळवावंच लागतं. मलाही."

"रिद्धीच्या पप्पांना विचारलं पाहिजे," सपना म्हणाली. "त्यांना न विचारता मी कुठे जात नाही."

"माहीत आहे मला."

"ते वाईट नाहीत, ताई. झोप मोडली की त्यांना सहन होत नाही. बाळ रडलं की... मग नंतर तेच रडतात. पाया पडतात माझ्या." बाळ तिच्या बोटाशी खेळत होतं. ती किती तरी वेळ त्याच्याकडे बघत बसली. पुष्पलताला बोलायची फार हौस, घरी रामू तिला रेडिओ म्हणतो. पण त्या खोलीत ती तोंड मिटून बसली. घाई केली तर ही पोर उठून घरी जाईल, हे तिला दिसत होतं. शेवटी सपनाने पिशवी खांद्याला लावली आणि विचारलं, "रिद्धीला बालवाडीतून कोण आणेल?"

"स्नेहा गेलीय. आपल्याआधी पोचेल ती."

क्ष-किरण फोटोत बाळाच्या डाव्या बाजूच्या दोन बरगड्या मोडलेल्या दिसल्या. एक नवी, आणि एक जुनी, जुळत आलेली. डॉक्टरीणबाईंनी सपनाला समोर बसवून बोटाने दाखवलं. "हे हाड आपोआप मोडत नाही. पलंगावरून पडूनही असं मोडत नाही. कोणीतरी दोन्ही हातांनी छाती आवळलीय. दोन वेगवेगळ्या वेळी." आवाजात त्यांच्या चीड नव्हती. सपना फोटोकडे बघत राहिली. मग म्हणाली, "जुनं कुठलं?" डॉक्टरीणबाईंनी परत दाखवलं. तिने बोटांवर मागचे आठवडे मोजून पाहिले आणि ती रात्र तिला आठवली.

हितेश आला तो अंगावर कंपनीचा गणवेश तसाच. आधी हात जोडून बोलला. गैरसमज झालाय, सासूचं काम आहे, मी आधीच सांगितलं होतं. पुष्पलता म्हणाली, "तुमच्या सासूबाईंनी बाळ अजून पाहिलेलं नाही." तेव्हा मात्र त्याचा आवाज चढला. सपनाकडे बोट रोखून तो जे बोलला ते सगळ्या वॉर्डाने ऐकलं. रखवालदार मध्ये आला, पाठोपाठ पोलीस आले. रिद्धी स्नेहाच्या पदराआड उभी होती. तिने दोन्ही कानांवर हात ठेवले होते.

समितीने मुलं आजीच्या ताब्यात दिली आणि सपनालाही तिकडेच राहायला सांगितलं. जिवली अंगठा द्यायला आली तेव्हा तिने नातवाला पहिल्यांदा हातात घेतलं. डाव्या कुशीला हात लावायचा नाही हे तिला सांगितलं होतं, त्यामुळे बिचारी काचेचं भांडं धरावं तशी ताठ बसून राहिली.

त्या दिवशी सपना पुष्पलताशी बोलली नाही. निघताना एवढंच म्हणाली, "तुम्ही माझं घर मोडलंत."

पुष्पलताने ते ऐकून घेतलं. तिने घरी येऊन रामूला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मंग तू काय म्हनलीस?"

"काय म्हननार? तिला आज तसाच वाटनार."

हितेशला अटक झाली, जामीन झाला, खटला उभा राहायचा आहे. समितीच्या लोकांसमोर बसून मुलांना भेटू द्यावं, असा अर्ज त्याने केलाय. त्याच्या कंपनीतल्या लोकांना अजूनही हे खरं वाटत नाही. एवढा शांत माणूस, म्हणतात.

पुष्पलता महिन्यातून एकदा पाड्यावर जाते. पहिल्यांदा सपना घरातून बाहेर आली नाही. पुढच्या वेळी आली, पण बोलली फक्त बाळाच्या वजनाबद्दल. आता ती मनोरला एका छोट्या कारखान्यात पॅकिंगला जाते. रिद्धी पाड्यावरच्या शाळेत जाते आणि दुसऱ्या पोरांबरोबर चिंचा पाडते. बाळाच्या बरगड्या जुळल्या. लहान हाडं लवकर जुळतात, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बाकीचं किती लवकर जुळेल ते त्यांनाही सांगता आलं नाही.

गेल्या खेपेला सपना पुष्पलताला पायवाटेपर्यंत सोडायला आली. चालता चालता, काही न विचारता, आपणहून बोलायला लागली. हात पहिल्यांदा पिरगळला तो लग्नानंतर लगेच, चहात साखर कमी पडली म्हणून. मग फोन काढून घेतला. मग आईकडे जाणं बंद. रिद्धी रडली की तिला अंधाऱ्या मोरीत कोंडायचा, म्हणून रिद्धी रडायचीच थांबली. "मला वाटायचं, पोर शहाणी झाली," सपना म्हणाली. "कोणी आलं की कौतुक करायचं तिचं. मग मलापण बरं वाटायचं."

थोडं पुढे गेल्यावर तिने विचारलं, "तुम्ही पहिल्या दिवशी चहा पिऊन गेलात. तुम्हाला कळलं होतं ना तेव्हाच? मग त्याच दिवशी का नाही बोललात?"

"खात्री नव्हती," पुष्पलता म्हणाली. "संशय होता. आणि तेव्हा बोलले असते तर तू मला खोटं पाडलं असतंस."

सपनाने थोडा विचार केला. "हां," ती म्हणाली. "पाडलं असतं."

पायवाट जिथे डांबरी रस्त्याला मिळते तिथे दोघी थांबल्या. सपनाच्या कारखान्यात एक नवी मुलगी लागलीय, पलीकडच्या पाड्यावरची. जेवायच्या सुट्टीत तिचा नवरा रोज फाटकाशी येऊन उभा राहतो आणि ती ताटावरून उठून जाते. बायका म्हणतात, किती प्रेम आहे बघ.

"मी तिच्याशी बोलू का?" सपनाने विचारलं.

"बोल. पण नवऱ्याचं लगेच काढू नकोस. आधी तिच्याबरोबर जेवायला बस. घरात लहान मूल आहे का तेवढं बघ."

"आहे. मुलगी आहे, दीडेक वर्षाची."

मनोरकडून गाडी येताना दिसली. पुष्पलताने हात केला, आणि गाडी थांबेपर्यंत सपनाला त्या पाड्याचं नाव विचारून घेतलं.